शेरदिलची सलामी

मध्या, पेपरात तुह्यावर सहा ओळी आल्या. सहा. 'कडक शिस्तीचे प्रशिक्षक', 'शेरदिल क्लबला व्यावसायिक दर्जा मिळवून देणारे', अन् शेवटी 'पश्चात पत्नी व मुलगा असा परिवार'. मी ते वाचलं अन् पेपर चुरगाळून फेकला. बायको म्हणे, आता पेपरानं तुमचं काय बिघडवलं? काय सांगू तिले! शिस्त म्हणे. उमरेडच्या मैदानात तू कोपऱ्यावरच्या झेंड्याची काठी उपटून रेफरीच्या मागं धावला होता, अन् तो बिचारा रसवंतीत घुसून आतून पत्रा लावून बसला होता. त्या माणसाले हे शिस्तीचा म्हणून राहिले.

तुले जाऊन आज पाच दिवस झाले. तुहा जन्म, तुही पोस्टातली नोकरी, तुहे कप, ते सारं पेपरवाल्याईले राहू दे. मले तुह्याशी एका मॅचबद्दल बोलायचं आहे. त्या मॅचमुळं आपला क्लब पगारी झाला, अन् तिच्यामुळंच तुहा संजू सोळा वर्षं तुह्या घरी आला नाई. त्या सोळा वर्षांत आपण दोघं रोज आपल्या सदर मोहल्ल्यातल्या टपरीवर चहा पेलो, जगातल्या साऱ्या मॅचींवर भांडलो, अन् त्या एका मॅचवर एक शब्द बोललो नाई. तुह्याकडून काय राहिलं होतं ते मले आता समजलं. माह्याकडून जे राहिलं ते तू ऐकून घे.

शेरदिल हे नाव तुहं. मी म्हणत होतो, साधं सदर स्पोर्टिंग ठेव. तू म्हणला, साध्या नावाच्या टीमले कोणी भेत नाई. तेव्हा आपण एकोणीस-वीसचे. मैदान म्हणजे नुसती गिट्टी, गोल म्हणजे दोन बांबू, अन् जर्सी म्हणजे पांढऱ्या बनियानी. त्या शालूवहिनीनं रंगवून देल्या होत्या. तेव्हा ती वहिनी झाली नव्हती, तुह्या समोरच्या घरात राहत होती. तिनं मोठ्या गंजात लाल रंग उकळला अन् सगळ्या बनियानी त्यात बुचकळल्या. पहिल्याच मॅचले उन्हात घाम फुटला अन् तो रंग उतरला. अर्ध्या तासात आपण अकरा जण नरड्यापासून घोट्यापर्यंत लालभडक. समोरचे पोट्टे आपल्या अंगाले लागायले तयार नाईत. आपल्याले धड खेळता येत नव्हतं अन् तरी आपण तीन गोलनं जिंकलो. मी हसून हसून गिट्टीत लोळलो. तू हसला नाई. घरी जाता जाता म्हणला, "दिगू, भेलेल्या माणसाले बॉल दिसत नाई लेका."

तिथून सलामी निघाली. तुहे कायदे मले अजून तोंडपाठ आहेत. पहिल्या पाच मिनिटांत त्याईच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूले एकदा असं आडवं करायचं, का उरलेली मॅच तो बॉलकडं नाई, मागून कोण येऊन राहिलं तिकडं पाहत खेळंल. एकदाच. हाड मोडायचं नाई. ते काम माहं, कारण मी स्टॉपर, गोलीच्या पुढं मधात उभा राहणारा, अन् वेल्डिंगच्या दुकानात लोखंड उचलून उचलून माह्या मांड्या दगडासारख्या झालेल्या. तू आदल्या दिवशी त्याईची प्रॅक्टिस पाहून यायचा अन् मॅचच्या आधी माह्या कानात नुसता नंबर सांगायचा. "नऊ." बस. मंग कधी तुह्या मनात दया आली तं तू लाइनीवरून "सोड" म्हणून ओरडायचा अन् मी सोडायचो. एकदा त्या पोट्ट्याच्या अंगात ताप आहे हे तुले ऐन वेळी समजलं होतं, एकदा एकाचा बाप त्याच आठवड्यात मेला होता. दोन्ही वेळा तू ओरडला अन् दोन्ही वेळा मी पाय मागं घेतला.

अन् सगळ्यात भारी कायदा तं मॅच झाल्यावरचा होता. ज्यानं सलामी देली त्यानंच त्या पोट्ट्याच्या पायाले गरम जवसाचं तेल अन् हळद चोळायची. तेलाची बाटली तू स्वतः थैलीत घेऊन फिरायचा, बॉल विसरशील पण बाटली विसरायचा नाई. किती पाय चोळले असतील मी! नागपूरच्या आजूबाजूच्या सगळ्या टीमच्या स्ट्रायकरांच्या नडग्या मले नावानिशी माहीत होत्या. पोट्टे माह्या मायबहिणीचा उद्धार करत पाय पुढं करायचे अन् मी मुकाट्यानं चोळायचो. भांडेवाडीच्या एका पोट्ट्यानं तं तेल लावता लावताच मले त्याच्या लग्नाचं आवतन देलं. लोक म्हणत, शेरदिलवाले आधी मारतात अन् मंग सेवा करतात, काहून बे असले तुम्ही? आपल्याले त्याचा अभिमान होता. आपल्याले वाटे, आपण गुंड नाई, आपल्यात कायदा आहे.

मार खाल्ला तोही काही कमी नाई. त्या कोळशाच्या खाणीवाल्या टीमच्या गावी गेलो होतो तेव्हा गोल झाल्याबरोबर चारी बाजूंनी विटा आल्या. तुह्या डोक्याले खोक पडली, माहे पुढचे दोन दात गेले, अन् आपल्या गोलीले त्याईनं जाळीत गुंडाळून लाता घातल्या. गावात डॉक्टर म्हणजे ढोरांचा. त्यानं तुह्या खोपडीले सात टाके घातले अन् म्हणला, बैल याच्यापेक्षा कमी ओरडते. परत येताना ट्रकच्या डाल्यात तू रक्तानं भरलेलं फडकं डोक्याले धरून गाणं म्हणून राहिला होता. मी इतका खूश कधीच नव्हतो, लग्नातही नाई. आता पोट्टे विचारतात, काका, तुमच्या जमान्यात काय मजा होती? मी सांगत नाई. त्याईच्या मायाईले झोप येणार नाई.

पुढं तुहा गुडघा गेला अन् तू खेळणं सोडून कोच झाला. मी खेळतच राहिलो. अन् तुह्या घरी संजू मोठा होऊन राहिला होता. माह्या दुकानाच्या मागच्या गल्लीत मी त्याले हेडर शिकवला, भिंतीले बॉल मारून मारून. डाव्या पायाचा पोट्टा, वाऱ्यासारखा. मी तुले किती वेळा म्हणलं, घे त्याले टीममध्ये. तू म्हणायचा, घरचा पोट्टा घेतला तं उरलेले दहा म्हणतील ही बापाची टीम आहे. मंग तो चिडून लोहापूल क्लबात गेला, आपल्या जानी दुश्मनांकडं. तू वरून शिव्या घातल्या. पण त्याच्या मॅची पाहायले तू पोस्टातून अर्धी सुट्टी टाकून जायचा अन् पानठेल्याच्या मागं लपून पाहायचा, हे मले माहीत होतं. मी तुले कधी पकडलं नाई, तेवढी लाज मी ठेवली.

मंग तो शेठ आला, बुटीबोरीच्या कापड मिलवाला. त्याले टीम पाहिजे होती, छातीवर मिलचं नाव लिहायले. म्हणला, राज्याच्या लीगमध्ये जागा मिळवून दाखवा, मी क्लब घेतो. सगळ्याईले करार, बारा महिने पगार, बस, मालिशवाला, सारं. जागा एकच होती अन् तिच्यासाठी शेवटची मॅच शेरदिल विरुद्ध लोहापूल. आपल्या टीममध्ये हमाल होते, भाजीवाले होते, दोन जण बुटीबोरीतच माल चढवत होते. त्याईले फुटबॉलचा पगार भेटणार होता. अन् मी होतो, अडतीस वर्षांचा. शेठनं मैदानात मले पाहून तुले विचारलं होतं, हा म्हातारा काहून अजून टीममध्ये आहे? तुले वाटलं मी ऐकलं नाई. मी मागंच उभा होतो.

उन्हाळा लागून राहिला होता. तंबूत तू माह्या कानात म्हणला, "दहा." लोहापूलचा दहा नंबर म्हणजे तो उंच पोट्टा, केस वाढवलेला. पण वार्म-अपमध्येच त्याचा घोटा मुरगळला. त्याईच्यापाशी जर्सीचा एकच सेट, तं त्यानं अंगातली काढून बदलीवाल्याले देली. आपण मैदानात उतरलो तं दहा नंबर घालून संजू उभा. जर्सी त्याले ढिली होती, तो चड्डीत खोचून राहिला होता. त्यानं माह्याकडं पाहून हात केला. मी तुह्याकडं पाह्यलं. तू लाइनमनशी कागदावरून हुज्जत घालून राहिला होता, तुह्या ध्यानात काही आलं नव्हतं.

मी मनात म्हणलं, आज सलामी नाई. देवाशपथ म्हणलं, मध्या. हे तुले खरं वाटो न वाटो.

तिसऱ्या मिनिटाले संजू माह्यावर बॉल घेऊन आला. मी पाय फाकवून उभा राहिलो अन् त्यानं माह्या दोन पायांच्या मधून बॉल काढला अन् बाजूनं निघून गेला. मीच शिकवलं होतं त्याले. मी वळलो तं पडलो, हातावर. सारं मैदान हसलं. कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याले काठी द्या बे!" अन् शामियान्यात शेठ हसला, मले त्याचे दात दिसले. माह्या कानात काहीतरी पेटलं. वीस वर्षं लोक मले भेत होते अन् एका मिनिटात मी जोकर झालो.

चौथ्या मिनिटाले तो पुन्हा आला. तुले तोवर समजलं होतं. तू लाइनीवर अर्धा आत येऊन ओरडला, "सोड! दिगू, सोड बे!" तुहा गळा फाटून राहिला होता.

मी ऐकलं, मध्या. हीच ती गोष्ट. लोक समजले गोंधळात ऐकू आलं नसंल, तू पण तसंच समजला असशील, का मंग समजला नसशील, मले माहीत नाई. मले स्पष्ट ऐकू आलं. दोन्ही वेळा. अन् मी गेलो. दोन्ही पायांनी, स्टड पुढं करून, त्याच्या नडगीवर, सारं वजन घालून. सलामी नव्हती ती. सलामीत मी पाय जमिनीवरून घासत नेत होतो, हे तुले माहीत आहे. हा मी हवेतून मारला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मोज्यातून हाड बाहेर आलं, पांढरं, अन् रक्त लागायच्या आधी एक क्षण ते एकदम स्वच्छ दिसलं. तो ओरडला नाई. तो नुसता म्हणला, "काका."

पुढचं तुले माहीत आहे, तरी सांगतो, कारण ते मी कोणाजवळ बोललो नाई. रेफरीनं मले लाल कार्ड दाखवलं. लोहापूलचे पोट्टे माह्यावर तुटून पडले, एकानं बूट काढून माह्या कानशिलात हाणला, दुसऱ्यानं नाक फोडलं. आपल्यावाल्याईनं बेंचा उचलल्या. खुर्च्या, दगड, सोड्याच्या बाटल्या. शामियान्याचा एक खांब पडला अन् शेठच्या गाडीची काच फुटली. अन् त्या साऱ्यातून तू संजूले दोन्ही हातांवर उचलून धावून राहिला होता, मोडलेल्या गुडघ्यानं, त्याचा पाय एका बाजूले लोंबत. एक दगड तुह्या डाव्या कानावर बसला. तू थांबला नाई. ऑटोत बसेपर्यंत तुहा सदरा पूर्ण लाल झाला होता, त्यात तुहं किती अन् त्याचं किती कोणाले माहीत. तुहा तो कान मंग कायमचा गेला.

अर्ध्या तासानं पोलिसांनी मॅच पुन्हा सुरू केली. आपण दहा जणांनी एक गोलनं जिंकली. लोहापूलवाल्याईत जीवच उरला नव्हता, ते बॉलजवळ यायले तयार नव्हते. अशी आपली शेरदिल पगारी झाली. बस आली, करार झाले, छातीवर मिलचं नाव आलं, चार वर्षं पेपरात फोटो आले. मंग शेठचा जीव उठला अन् तो क्लब सोडून गेला. पण त्या चार वर्षांत हमालांनी घरं बांधली, हे खरं आहे. मीही त्या करारावर सही केली. शेठ मले म्हणला होता, तुह्यासारखा माणूस पाहिजे टीममध्ये.

मी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आलो. दोन दिवस घरात लपून होतो. बाहेरच्या बाकावर तू एकटा बसला होता, कानाले पट्टी. मले वाटलं तू उठून माह्या नरडीचा घोट घेशील. मी त्याचसाठी आलो होतो बे. एक थापड, एक शिवी, काहीतरी! तू माह्याकडं पाह्यलं अन् म्हणला, चहा पेतं का? मी हो म्हणलं. आपण खाली जाऊन चहा पेलो. तू बिस्कीट बुडवून खाल्लं. तेव्हापासून ते गेल्या आठवड्यापर्यंत आपलं त्या गोष्टीवर बोलणं तेवढंच.

संजूच्या पायात सळ्या टाकल्या, तरी तो पाय आखूडच राहिला. वर्षाच्या आत त्यानं घर सोडलं. धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात लागला, तिकडंच खोली केली, लग्न केलं. तुले बोलावलं नाई. वहिनीले बाहेर भेटायचा, देवळात नाईतं बाजारात. अन् दर दसऱ्याले, मध्या, तो माह्या घरी सोनं घेऊन यायचा. आपट्याची पानं माह्या हातात ठेवून, तो वाकडा पाय कसाबसा वाकवून माह्या पाया पडायचा. बापाकडं जात नाई अन् माह्याकडं येते! मी त्याले कधी विचारलं नाई काहून. भीती वाटे. मले वाटे, त्यानं मनानं मले माफ केलं असंल, समजलं असंल का सलामी हे बापाचंच काढलेलं पाप होतं अन् मी नुसता हात. खरं सांगू? मले ते बरं वाटत होतं. मी ती पानं देव्हाऱ्यात ठेवायचो अन् रात्रभर तळमळायचो, पण बरंही वाटत होतं.

अन् इकडं टपरीवर तू म्हातारा होता होता बदलून राहिला होता. एक दिवस म्हणला, सलामी ही आपली चूक होती. मी भडकलो. मी म्हणलं, तूच काढली, तूच नंबर देले, अन् आता चूक? मंग माही वीस वर्षं काय मातीत गेली का? तू चहा हलवत म्हणला, "तू चांगला स्टॉपर होता दिगू. तुले लात मारायची गरजच नव्हती." मी ग्लास आपटून निघून गेलो. चार दिवस टपरीवर आलो नाई. कोणी मले असं घाणेरडं कधी बोललं नव्हतं, इतकं चांगलं बोलून. ते भांडण अर्धंच राहिलं. आता तू जिंकला असं समज, मी हरलो.

मंगळवारी तुले घाटावर नेलं. सगळा क्लब होता, जुने-नवे सगळे. लोहापूलचेही चार म्हातारे आले होते. लाकडं रचली, तुले ठेवलं, तोंडात पाणी घातलं. गुरुजी म्हणाले, मुलगा कोण? संजू आला होता, पण दूर भिंतीपाशी उभा होता, हाताची घडी घालून. तो तिथूनच म्हणला, मी देणार नाई अग्नी, चुलतभावाले द्यायले सांगा. तुहा पुतण्या मडकं खांद्यावर घेऊन कधी गुरुजींकडं, कधी संजूकडं पाहून राहिला होता. बाहेरच्या फाटकात वहिनी उभी होती, तिले ऐकू गेलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

मी संजूपाशी गेलो. मी म्हणलं, बापाले असं सोडू नको, पोट्ट्या, मेल्यावर वैर राहत नाई.

त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणला, "काका, तुम्ही नका मधात पडू. तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही तं दोनदा नाई म्हणलं होतं."

मले काही समजलं नाई. मी विचारलं, कायले नाई म्हणलं होतं?

मंग त्यानं सांगतलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. त्यानं तुले विचारलं, काकानं मले ओळखलं होतं, त्याईच्या डोळ्यात मले दिसलं, मंग काहून मारलं? अन् तू त्याच्या खाटेपाशी बसून त्याले म्हणला, संजू, मी तुले ओळखलं होतं. दहा नंबर तू घातला हे मले दिसलं होतं, पण क्लबाचा सवाल होता. दिगूनं मान हलवून दोनदा नाई म्हणलं. मीच ओरडलो, मार नाईतं टीममधून निघ. तो बिचारा काय करंल?

असं म्हणला तू. तुह्या पोटच्या पोट्ट्याले, मोडलेल्या पायासमोर बसून. अन् तिसऱ्या दिवशी मले म्हणला, चहा पेतं का?

कोणी सांगतलं होतं बे तुले! कोणी मागितलं होतं? तू काय समजला, माह्यावर उपकार करून राहिला? का तुले वाटलं, याले मीच असा बनवला तं मीच भोगतो? का पोट्ट्याचा पाय तं गेलाच, त्याचा काका तरी राहू दे असं वाटलं? तोंडात जीभ नव्हती का विचारायले? सोळा वर्षं तू पोराविना जेवला, नातू झाला तो दुसऱ्याच्या मोबाइलात पाह्यला, अन् रोज माह्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवलं. तू जिवंत असता तं मी तुही कॉलर धरून तुले त्या भिंतीवर आपटलं असतं, मध्या. मी तसा उभा होतो घाटावर, मुठी आवळून, अन् मारायले कोणी नव्हतं. तू लाकडांवर निजून होता.

आता हेही सांगतो. मी चूप राहिलो असतो. मनात आलं माह्या. तू तं गेला, तुले काय फरक पडते, पुतण्या अग्नी देईल, लाकूड त्याच्या हातानंही जळते. अन् मले म्हातारपणी एक तरी पोट्टा राहील पाया पडणारा. मी तेवढ्या वेळ उभा होतो, जेवढ्या वेळात गुरुजी दोनदा म्हणाले, चला, उशीर होतो आहे. मंग मले फाटकात वहिनी दिसली.

मी म्हणलं, "संजू, तुह्या बापानं 'सोड' म्हणलं होतं. मी ऐकलं होतं. तरी मारलं."

मी थांबलो नाई, थांबलो असतो तं पुन्हा बोललो नसतो. मी म्हणलं, मी एकदाही नाई म्हणलं नाई. तू माह्या पायातून बॉल काढला अन् लोक हसले, म्हणून मारलं. सलामी नव्हती, क्लब नव्हता, काही नव्हतं. तुहा बाप तुह्याजवळ खोटं बोलला.

पहिला ठोसा तोंडावर बसला. मी खाली गेलो. मंग त्यानं बाजूच्या ढिगातलं एक फाटं उचललं अन् माह्या बरगडीत हाणलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोडल्याचं मले आतून समजलं. क्लबाचे पोट्टे धावले. मी हात वर करून ओरडलो, कोणी मधात यायचं नाई, दूर व्हा साले हो. तो रडून राहिला होता अन् मारून राहिला होता. मंग त्यानं चांगल्या पायानं माह्या पोटात लात घातली. पण सारा भार त्या आखूड पायावर आला, तो पाय त्याले पेलला नाई, अन् तो माह्या बाजूले राखेत धाडकन पडला. आम्ही दोघं तिथं लोळून राहिलो होतो, तोंडात रक्त अन् राख. गुरुजी भिंतीले चिकटले होते.

तो उताणा पडून धापा टाकत राहिला. मंग म्हणला, "बाबा खरंच सोड म्हणले होते?"

मी म्हणलं, दोनदा.

तो उठला. कोणी हात देला, त्यानं झिडकारला. पुतण्याच्या खांद्यावरून मडकं घेतलं अन् तुह्याभोवती फिरला, लंगडत, ओठ चावत, मडक्याचं पाणी त्याच्या पाठीवरून वाहत. तीन फेऱ्या झाल्या. मंग तुह्या पोट्ट्यानं तुले अग्नी देला, मध्या. लाकडं चांगली वाळलेली होती, एकदम धरली.

लोक हळूहळू निघाले. मी नळापाशी बसून तोंड धुऊन राहिलो होतो, श्वास घेतला का बाजूत सुरी फिरल्यासारखी वाटे. संजू आला अन् समोर उभा राहिला. मले वाटलं, राहिलेलं मारायले आला. मारू दे म्हणलं. पण त्याचे हात लोंबत होते. तो तुह्या जाळाकडं पाहून म्हणला, "मले काही ऐकू आलं नव्हतं तेव्हा. कसे ओरडले होते बाबा? करून दाखवा."

मी म्हणलं, संजू, नको. तो म्हणला, करून दाखवा, तुम्ही ऐकलं होतं ना?

मी नळाले धरून उभा राहिलो. तुह्यासारखा आवाज काढायचा म्हणजे पोटातून काढावा लागते, अन् माह्या तिथं तं हाडं मोडलेली. तरी काढला. "सोड! दिगू, सोड बे!" डोळ्यापुढं अंधारी आली, खाली बसलो. घाटावरची माणसं वळून पाहून राहिली होती. संजूनं डोळे मिटले होते.

तो म्हणला, "आणखी एकदा."

मी उठलो अन् ओरडलो.